ऑटोइम्यून आजार आणि पहिला टॅटू : पुण्यात राहणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

लुपस, संधिवात, सोरायसिस, हाशिमोटो, क्रोन्स, टाइप १ मधुमेह... या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारांतलं एखादं नाव फाइलवर लागलेलं असेल आणि टॅटू काढायचं मनात असेल, तर साधारण दोन उत्तरं कानावर पडतात. घरचे म्हणतात, “आहे ते दुखणं कमी आहे का?” आणि स्टुडिओतला मुलगा म्हणतो, “काही होत नाही मॅडम, रोजचं आहे आमचं.” दोघांनीही तुमची फाइल वाचलेली नसते, त्यामुळे दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा.

माझं मत असं की आजार शांत असलेल्या बऱ्याच जणांना टॅटू काढता येतो. काहींनी तो काढूच नये. उरलेल्यांसाठी उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. डिझाइन, बजेट, आर्टिस्ट हे सगळं नंतर. आधी तारीख, आणि ती तारीख तुमचा आजार ठरवतो. मला स्वतःला लुपस आहे, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लुपसवरची गोळी) चालू आहे, दंडावर एक लहानसा टॅटू आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे खाली जिथे ‘डॉक्टरांना विचारा’ असं लिहिलंय तिथे खरोखर विचारा, ते वाक्य शोभेला घातलेलं नाही.

पायरी १ : कातडीत नेमकं काय होतं ते समजून घ्या

सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, म्हणजे वरच्या थराखालच्या डर्मिसमध्ये शाई सोडते. शरीराच्या दृष्टीने हा बाहेरून आलेला कचरा. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात आणि तो गिळतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली की रंग सुटतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू टिकतो तोच मुळी रोगप्रतिकारशक्तीच्या जिवावर. थोडा रंग जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंतही जातो.

ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे, त्यांच्या बाबतीत यात दोन गोष्टींची भर पडते. एक आजाराची आणि दुसरी औषधाची. आजारामुळे जखमेच्या जागी नको ती प्रतिक्रिया येऊ शकते. औषधामुळे जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असू शकते. या दोन गोष्टींची सरमिसळ होते म्हणून नीट वेगळं सांगते. नुसता हाशिमोटो असून फक्त थायरॉइडची गोळी घेणारीला दुसरा धोका जवळपास नाही. बायॉलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी इंजेक्शनं) घेणाऱ्या संधिवाताच्या पेशंटला तोच मुख्य आहे.

पायरी २ : तुमच्या आजाराचा स्वभाव

सोरायसिस, कोड आणि लायकेन प्लॅनस असणाऱ्यांनी ‘कोबनर’ हा शब्द पाठ करावा. एकोणिसाव्या शतकातले जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइन्रिश कोबनर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गोष्ट अशी : जिथे कातडीला इजा होते, नेमक्या तिथेच आजाराचा नवा चट्टा उमटतो. ओरखडा, भाजणं, ऑपरेशनची रेघ, आणि अर्थात सुई. बहुतेक वेळा तो दहा ते वीस दिवसांत दिसतो, पण कधी बराच उशिराही. सोरायसिसच्या प्रत्येक पेशंटला असं होत नाही. तुमचं काय, याचा अंदाज तुमच्याच अंगावर सापडतो : दाढी करताना कापलेल्या जागी, मांजराने ओरबाडलेल्या जागी, ब्राच्या पट्ट्याखाली कधी नवे चट्टे आलेत का? आले असतील तर टॅटूच्या रेषांवरही येतील असं धरून चाला. कोडाच्या बाबतीत तर चट्टा स्थिर आहे की पसरतोय हे आधी पाहायला हवं. स्थिर कोडावर, विशेषतः ओठांवर, त्वचारोगतज्ज्ञ स्वतः रंग भरून देतात. पण तो उपचार आहे आणि कोड किती काळ स्थिर आहे हे बघूनच करतात. त्याचा दाखला देऊन कॅम्पातल्या स्टुडिओत पाठीवर गरुड काढायला जाऊ नका.

लुपसमध्ये ऊन हा शत्रू. शिवाय डिस्कॉइड प्रकारात चट्टे जिथे येतात तिथे कातडी व्रणासारखी होते, त्या जागा कायमच्या वर्ज्य. लुपससोबत अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्त जास्त वाहतं, शाई धरत नाही, काळंनिळं पडतं. ती गोळी टॅटूसाठी थांबवणं हा पर्यायच नाही, गुठळी झाली तर टॅटू आठवणारही नाही.

हातापायांची बोटं थंडीत पांढरी-निळी पडत असतील, म्हणजे रेनॉड असेल, तर बोटं आणि पावलं सोडून द्या, तिथे रक्तपुरवठा कमी आणि जखम रेंगाळते. स्क्लेरोडर्मात कातडी ताठ झालेल्या भागाचंही तेच. टाइप १ मधुमेहात साखर आवाक्यात असणं महत्त्वाचं, आणि पोट-मांडीच्या इंजेक्शनच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. जखमेवर केलॉइड म्हणजे उंच, जाड व्रण येण्याची घरात सवय असेल, तर आजार कुठलाही असो, मी तरी नाद सोडेन.

पायरी ३ : डॉक्टरांशी बोलणं

याला सर्वांत जास्त वेळ द्या. ओपीडीत आपली पाळी येते तेव्हा बाहेर वीस जण बसलेले असतात आणि ‘टॅटू काढू का?’ असा मोघम प्रश्न टाकला की ‘कशाला उगाच’ असं उत्तर मिळून विषय संपतो. डॉक्टरांचाही दोष नाही. नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर मिळतं. मी चिठ्ठीवर लिहून नेते. तुम्ही या गोष्टी विचारा :

गेल्या सहा महिन्यांत माझा आजार शांत म्हणता येईल का? ईएसआर, सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), लुपस असेल तर लघवीतलं प्रोटीन आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं), हे रिपोर्ट समोर ठेवा. सहा महिने हा माझा स्वतःचा आकडा आहे, तुमचे डॉक्टर कमी-जास्त सांगतील. नुकतंच औषध बदललं असेल, स्टेरॉइड कमी करण्याचं चाललं असेल, तर तो काळ चुकीचाच.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत का? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तसाही तुम्ही नियमित करत असणार, त्यासाठी वेगळा खर्च नाही.

माझ्या कोणत्या औषधाने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो? सगळी औषधं सारखी नसतात. एचसीक्यू प्रतिकारशक्ती फारशी दाबत नाही. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट दाबतात. बायॉलॉजिक आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या त्याहून काळजीच्या. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यावर कातडी पातळ होते, जखम उशिरा भरते, आणि मोठ्या डोसात तापसुद्धा दबून राहतो.

इंजेक्शनच्या वेळापत्रकात टॅटू कुठे बसवू? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच खरा उपयोगाचा. सांधेबदल शस्त्रक्रियेसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू चालू ठेवायला सांगितलंय आणि बायॉलॉजिकच्या बाबतीत एक डोस टाळून, त्याचा अंमल संपत आल्यावर शस्त्रक्रिया धरायला सांगितलंय. टॅटू म्हणजे गुडघा बदलणं नव्हे, पण तुमचे रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) याच धर्तीवर एखादी तारीख सुचवू शकतात. ॲडालिमुमॅब हे बायॉलॉजिक दोन आठवड्यांनी असतं, रिटुक्सिमॅबचा अंमल महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून सगळ्यांना एकच हिशोब लागू पडत नाही.

आणि एक गोष्ट विचारायची नाही, तर पाळायची : स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. स्टेरॉइड एकदम सोडलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल लगेच बनवता येत नाही आणि माणूस कोसळतो. बाकीची सोडली तर फ्लेअर, म्हणजे आजार पुन्हा उसळतो. टॅटूसाठी फ्लेअर ओढवून घेणं म्हणजे सगळंच मुसळ केरात.

त्वचेचा आजार असेल तर रुमॅटॉलॉजिस्टसोबत त्वचारोगतज्ज्ञही लागतील. खाजगी परवडत नसेल तर ससूनमध्ये त्वचाविकारांची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट बरोबर ठेवा.

पायरी ४ : हेपॅटायटिस बीची लस

सुईतून पसरू शकणाऱ्या आजारांत हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही ही नावं येतात. यांपैकी लस फक्त बीची आहे. ती जिवंत विषाणूची नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतानाही देता येते. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. औषधांमुळे लस कमी लागू पडू शकते, त्यामुळे शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून घ्या, तो १० च्या वर हवा. यात सहा-आठ महिने जातात. जाऊ देत. तेवढ्यात आजार स्थिर आहे की नाही तेही कळतं आणि डिझाइनचा उत्साह टिकतो का तेही.

पायरी ५ : पुण्याचं कॅलेंडर

वरचा थर भरायला दोन ते तीन आठवडे, आतून पूर्ण सावरायला दोन-तीन महिने लागतात. आपल्यासारख्यांना थोडं जास्तच. हे दिवस पुण्यात कुठे बसवायचे?

एप्रिल-मे नाही. घाम, आणि दुचाकीवरून जाताना हातावर पडणारं ऊन. जखम ओली असताना त्यावर सनस्क्रीन लावता येत नाही, झाकणं एवढाच उपाय, आणि चाळीस अंशांत झाकलं की घामोळं. लुपसवाल्यांनी तर या महिन्यांचा विचारही करू नये.

जून ते सप्टेंबरही नाही. ओला रेनकोट तासभर हातावर घासत राहतो. पोटरीवर टॅटू असेल तर खड्ड्यातलं पाणी थेट त्यावर. सिंहगड, भुशी डॅम, धबधबे, सगळं महिनाभर बंद, हे तुम्हाला जमणार आहे का? ढोल पथकात असाल तर तालमींपासून विसर्जनापर्यंतचा काळ विसराच. दोरीचा ताण, धूळ, घाम आणि जागरण, यांत बरी कातडीही वैतागते.

दिवाळीनंतरचा काळ उत्तम. मात्र अभ्यंगस्नानाआधी काढू नका, नाहीतर आई उटणं घेऊन उभी राहील आणि ताज्या जखमेवर उटणं म्हणजे काय ते सांगायला नको. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हवा कोरडी, थंड, पूर्ण बाह्यांचे कपडे अंगावर सहन होतात. धुळवड-रंगपंचमीपर्यंत वरचा थर तरी भरलेला असतो. रेनॉडवाल्यांनी मात्र डिसेंबरची पहाट बघून स्टुडिओचा एसी बंद करायला सांगावं.

पायरी ६ : स्टुडिओची परीक्षा

कोरेगाव पार्क, कॅम्प, फर्ग्युसन रस्ता, विमाननगर, कोथरूड... स्टुडिओ आता गल्लोगल्ली आहेत. जत्रेतला टॅटू मात्र अजिबात नको. तिथे मशीन एक, शाईची वाटी एक आणि रांग लांब. ‘आजीने गोंदवून घेतलंच होतं की’ हा युक्तिवाद मला घरीही ऐकावा लागला. आजी मेथोट्रेक्सेट घेत नव्हती, एवढंच उत्तर मी दिलं.

आधी एकदा नुसतं बघायला जा. भिंतीवरचं शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र दुकान नोंदलेलं आहे एवढंच सांगतं, सुया कशा वापरतात ते नाही. दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर लांबून बघू देतात का? सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून गिऱ्हाइकासमोर फोडतात का, त्यावर मुदत छापलेली आहे का? मशीन, वायर, स्प्रेची बाटली प्लॅस्टिकने गुंडाळतात का? मोबाइल वाजला आणि ग्लोव्ह्जच्याच हाताने उचलला, तर ते ग्लोव्ह्ज बदलतात का? केस काढायचं रेझर नवं असतं का? वापरलेल्या सुया जाड डब्यात जातात की कचऱ्याच्या पिशवीत?

‘आमच्याकडे यूव्ही स्टरलायझर आहे’ असं सांगून निळा दिवा दाखवला तर भुलू नका. तो प्रकाश फक्त जिथे पडतो तिथेच काम करतो, पोकळ नळीच्या आत नाही. पुन्हा वापरायची लोखंडी उपकरणं असतील तर ऑटोक्लेव्हच हवा. तो म्हणजे मोठा प्रेशर कुकर समजा, १२१ अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटं वाफ. सगळंच एकदा वापरून फेकायचं असेल तर ऑटोक्लेव्हची गरज नाही, आणि मला तोच पर्याय बरा वाटतो.

आता शाई. माझ्या मते सुईपेक्षा शाईकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. २०११-१२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर शहरात टॅटू काढलेल्या एकोणीस जणांच्या कातडीवर गाठी-पुरळ उठलं. स्टुडिओ स्वच्छ होता. दोष निघाला कारखान्यातून आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत. तिच्यात मायकोबॅक्टेरियम चेलोने नावाचा, पाण्यात राहणारा, टीबीच्या दूरच्या नात्यातला जंतू होता. असा जंतू प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात जास्त त्रास देतो. म्हणून विचारा : शेडिंगसाठी काळी शाई पातळ कशाने करता? उत्तर ‘निर्जंतुक पाणी’ हवं. नळाचं, बिसलेरीचं, आरओचं, फिल्टरचं यांतलं काहीही नको. शक्य असेल तर शेडिंग टाळा, साध्या रेषांचं डिझाइन घ्या, प्रश्नच मिटतो.

लाल रंगाने ॲलर्जी होण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, कधी कधी काढल्यावर कित्येक महिन्यांनीही. युरोपीय महासंघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. त्या नियमांत बसणारी शाई आहे का, हे विचारायला हरकत नाही. बाटलीचा ब्रँड, बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो काढून ठेवा. आर्टिस्ट चिडला तर दुसरा आर्टिस्ट शोधा.

आणि आजार लपवू नका. “मी इम्युनिटी कमी करणारी औषधं घेते, डॉक्टरांनी हो म्हटलंय” एवढं पुरे. कोणी नकार दिला तर राग मानू नका, असा माणूस उलट जबाबदार निघतो.

पायरी ७ : जागा आणि आकार

पहिला टॅटू लहान, काळा, रेषांचा, दंडाच्या वरच्या भागावर किंवा पाठीच्या खांद्याजवळ. बस. कोपराची घडी नको, तिथे सलाइन आणि रक्ताच्या सुया जातात. सुजणारा सांधा नको. चट्टे येतात ती जागा नको. पोटरी-घोटा उशिरा भरतो. पूर्ण बाहीचा टॅटू हवाच असेल तर आधी या लहानग्याला तीन-चार महिने बघा. लेझरने काढून टाकू असा विचार मनात ठेवून काढू नका. कोबनरवाल्यांच्या कातडीला लेझर हीसुद्धा इजाच आहे.

पायरी ८ : तो दिवस

ताप, घसा, दात, लघवीचा संसर्ग, तोंड आलेलं, अँटिबायोटिक चालू, यांतलं काहीही असेल तर तारीख पुढे ढकला, आगाऊ रक्कम गेली तरी. पोटभर खाऊन जा. ब्रुफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका; मेथोट्रेक्सेट चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर आणखीच नको. दुखलं तर पॅरासिटामॉल. बधिर करायचं क्रीम मोठ्या भागावर फासून, वरून प्लॅस्टिक गुंडाळून तासन्‌तास ठेवणं धोक्याचं, ते रक्तात शोषलं जातं. लहान टॅटूला त्याची गरजही पडत नाही. तासाभरात उरकेल एवढंच काम घ्या.

पायरी ९ : नंतरचे तीन आठवडे

हात धुऊन, वास नसलेल्या सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवायचं, स्वच्छ कागदी रुमालाने टिपायचं, साध्या मॉइश्चरायझरचा पातळ थर. खपली काढायची नाही. पोहणं बंद, टिळक टँक असो वा सोसायटीचा पूल. घरातला पंचा, चादर रोजची धुतलेली. कुत्रं-मांजर चाटणार नाही असं बघा.

हळद, कोरफड, खोबरेल तेल घेऊन येणाऱ्या मावश्या-काकवांना चहा द्या, हात देऊ नका. औषधांच्या दुकानातून मागून आणलेलं मलमही नको. खाज-नायट्यासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्रणांत क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड असतं. ते लालसरपणा झाकतं आणि खालचा संसर्ग वाढू देतं.

पहिले दोन-तीन दिवस लाली, ठणका, थोडा पाणचट स्राव हे ठीक. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली कडेने पसरू लागली, पू आला, लाल रेषा वर चढताना दिसल्या किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. रविवार संध्याकाळ असेल तर कॅज्युअल्टी. प्रेडनिसोलोनवर असाल तर तापाची वाट बघू नका.

तिथे गेल्यावर चालू औषधांची यादी दाखवा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी हे तर घरच्यांनाही सांगून ठेवा : सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम, म्हणजे कोट्रायमोक्साझोल, त्यासोबत चालत नाही. दोन्ही मिळून अस्थिमज्जेचं काम बंद पाडू शकतात. कातडीच्या संसर्गावर हे अँटिबायोटिक दिलं जातं आणि घाईत विचारायचं राहून जातं.

काही आठवडे किंवा महिन्यांनी टॅटूच्या आत गाठी उठल्या आणि साध्या अँटिबायोटिकने हटेनात, तर वर सांगितलेल्या पाण्यातल्या जंतूची शंका घ्यायची. त्वचारोगतज्ज्ञ तुकडा काढून तपासायला आणि कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठवतील. त्यांना टॅटू केव्हा काढला ते आणि शाईच्या बाटलीचा फोटो द्या. टॅटूच्या जागी कधी कधी सार्कॉइडोसिसही (अंगात दाहाच्या गाठी होण्याचा आजार) पहिल्यांदा दिसतो, त्यामुळे तुकडा तपासायचं टाळू नका.

पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्यांना ती येतेच, तर टॅटू असल्याचं टेक्निशियनला आधी सांगा. त्रास क्वचितच होतो. आत गेल्यावर त्या जागी गरम किंवा ओढल्यासारखं वाटलं तर हातातला बझर दाबायचा. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर बारा महिने करता येत नाही. दुसऱ्या टॅटूचा विचार पुढच्या नियमित रिपोर्टनंतर, आणि तोही पुन्हा पायरी ३ पासून.